आधी बग पुन्हा घडवा, मग कोडला हात लावा: वेब डेव्हलपरांसाठी डीबगिंग आणि कोडच्या दर्जाच्या साधनांचा क्रम

सोलापुरात दोन-चार जणांच्या गटाने ऑर्डर-नोंदणी, बिलिंग आणि साठ्याच्या हिशेबाची वेब ॲप्लिकेशन्स बनवणाऱ्या ज्या डेव्हलपरांसोबत मी काम केले, त्यांच्यात साधनांचे अज्ञान मला क्वचितच आढळले. क्रोम डेव्हटूल्स (ब्राउझरमधील तपासणीची साधने) सर्वांना उघडता येते आणि ईएसलिंट (कोड न चालवता त्यातील चुका दाखवणारे साधन) बहुतेक प्रकल्पांत बसवलेले असते. चुकतो तो क्रम. बग (कोडमधील दोष) कुठे आहे हे ठरण्याआधी कोड बदलला जातो, आणि कोडच्या दर्जाची सर्व साधने एकाच दिवशी बसवून पुढच्या आठवड्यात बंद केली जातात. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

संपूर्ण लेखात एकच बग उदाहरण म्हणून घेतला आहे. एका टॉवेल व्यापाऱ्याच्या ऑर्डर-नोंदणीत महिनाअखेरची बेरीज वहीशी जुळत नव्हती. फरक दर महिन्याला पडत नसे आणि पडला तरी एक-दोन ऑर्डरींचाच असे. आमच्यातील एका डेव्हलपरने अहवालाची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती मागवणारी आज्ञा) अनेक वेळा बदलली. दुपारी नव्या ऑर्डरी टाकून तपासले की सर्व बरोबर दिसे, आणि महिना पालटला की फरक पुन्हा उभा राही. क्वेरीत दोष नव्हताच. तो कुठे होता आणि कोणत्या क्रमाने सापडला, हे प्रत्येक टप्प्यावर येईल.

तयारी: शोध सुरू करण्यापूर्वी

डीबगिंगसाठी क्रोममध्ये एक स्वतंत्र प्रोफाइल तयार करावे आणि त्यात एकही एक्स्टेन्शन ठेवू नये. जाहिराती रोखणारी आणि भाषांतर करणारी एक्स्टेन्शन्स पानातील मजकूर आणि विनंत्या बदलतात, आणि मग अस्तित्वातच नसलेल्या बगचा शोध सुरू होतो.

आपल्या संगणकावरील आणि सर्व्हरवरील नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती एकच असावी. ती प्रकल्पातील एनव्हीएमआरसी फाइलमध्ये लिहून ठेवावी. पॅकेजेस बसवताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावे. ही आज्ञा नोड-मॉड्यूल्सचे फोल्डर पुसून लॉकफाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांच्या नोंदीत) आहेत त्याच आवृत्त्या बसवते, आणि पॅकेज फाइल व लॉकफाइल यांचा मेळ नसेल तर काम थांबवून तसे सांगते. ‘माझ्याकडे तर चालते’ या वाक्यामागे पुष्कळदा हीच तफावत असते.

चाचणीची माहिती खऱ्यासारखी असावी, पण खरी नसावी. ग्राहकाच्या डेटाबेसची प्रत घ्यावी लागली तर पार्टीचे नाव, फोन आणि पत्ता आधी बदलावा. मात्र बदललेली नावे ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’ अशी नसावीत. सोलापूरच्या बाजारात एकाच दुकानाच्या खात्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या पार्ट्या असतात, आणि दिवाणजी नाव ज्या लिपीत सोयीचे वाटेल त्या लिपीत भरतो. नावाच्या रकान्यावर इंग्रजी ए ते झेड एवढीच अक्षरे स्वीकारणारी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना तपासणारे सूत्र) असेल तर ती इथे पहिल्याच दिवशी अडते. ती सुधारताना पुढची चूक होते, तीही ध्यानात ठेवावी. युनिकोडमधील ‘अक्षर’ हा एकच वर्ग स्वीकारला तर ‘सोलापूर’ हा साधा शब्दसुद्धा नापास होतो, कारण त्यातील ओकार, काना आणि ऊकार युनिकोडच्या हिशेबाने ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग स्वीकारावे लागतात आणि एक्स्प्रेशनला युनिकोडचा यू ध्वज लावावा लागतो. याच शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगते, तर वाचणाऱ्याला त्यात ४ अक्षरे दिसतात. लांबीची मर्यादा घालताना हा फरक धरावा.

शेवटची तयारी सोर्स मॅपची, म्हणजे बिल्डमध्ये कोंबलेला कोड आपल्या मूळ ओळींशी जोडणाऱ्या फाइलींची. डेव्हलपमेंट बिल्डमध्ये ते सुरू नसतील तर ब्रेकपॉइंट (कोड जिथे थांबवायचा ती खूण) एकाच ओळीत कोंबलेल्या कोडवर लावावा लागतो, आणि तसा तो लावण्यात अर्थ नाही.

पडताळणी: डेव्हटूल्सच्या सोर्सेस पॅनेलमध्ये कंट्रोल आणि पी दाबून आपली एखादी फाइल उघडावी. आपण लिहिलेल्या ओळी आणि आपणच दिलेली व्हेरिएबलची नावे दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर पुढे जाऊ नये.

टप्पा १: बग पुन्हा घडवा

‘साहेब, चालत नाही’ एवढा निरोप आणि व्हॉट्सॲपवर पडद्याचा अर्धा फोटो, अशी बहुतेक तक्रारींची सुरुवात होते. त्यावर कोड उघडू नये, फोन करावा. कोणत्या पडद्यावर, कोणत्या फोनवर किंवा संगणकावर, नेमके काय भरल्यावर, काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, एवढे विचारावे. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात: किती वाजता?

आमच्या उदाहरणात याच प्रश्नाने गाठ सुटली. वहीशी न जुळणाऱ्या ऑर्डरींची यादी मागवून प्रत्येक ऑर्डर केव्हा नोंदवली ते पाहिले, तेव्हा त्या सर्व रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेतल्या निघाल्या. रात्रीच्या गाडीत माल चढवून झाल्यावर दिवाणजी ऑर्डरी भरायला बसत असे. एक तारखेला मध्यरात्रीनंतर भरलेली ऑर्डर आदल्या महिन्यात जमा होत होती. इतर दिवशीही तारीख एकाने मागेच जात होती, पण महिना तोच राहिल्यामुळे बेरजेत ते उमटत नव्हते. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ५ तास ३० मिनिटे पुढे आहे, हे माहीत असणाऱ्याला ‘पहाटे ५:३०’ हा आकडा पाहताच संशयाची दिशा कळते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून आधी बग आपल्या संगणकावर घडवावा.

त्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागण्याची गरज नाही. संगणकाचे आपोआप वेळ लावण्याचे सेटिंग बंद करून घड्याळ रात्री १२:४० ला न्यावे, पान पुन्हा उघडून ऑर्डर नोंदवावी आणि कोणती तारीख जमा झाली ते पाहावे. घड्याळ हलवल्याने लॉगिनचे टोकन (लॉगिन झाल्याची खूण) मुदत संपल्यासारखे वागू शकते, म्हणून पुन्हा लॉगिन करूनच तपासावे.

बग घडल्यावर त्याच्या पायऱ्या इतक्या स्पष्ट लिहाव्यात की गटातील दुसऱ्या माणसाने केवळ त्या वाचून तो घडवावा. हे लिखाण पुढे टेस्ट (कोड आपोआप तपासणारा कोड) लिहिताना जसेच्या तसे उपयोगी पडते.

सावधान: काम संपताच आपोआप वेळेचे सेटिंग पुन्हा सुरू करावे. हलवलेल्या घड्याळावर केलेल्या गिट कमिटच्या (कोडच्या बदलांच्या इतिहासातील नोंदींच्या) तारखा चुकीच्या नोंदल्या जातात.

पडताळणी: त्याच पायऱ्यांनी बग सलग ३ वेळा घडला पाहिजे. तीनपैकी एकदाच घडत असेल तर एखादी अट अजून सापडलेली नाही. ती सापडेपर्यंत याच टप्प्यावर राहावे.

टप्पा २: दोष ब्राउझरमध्ये की सर्व्हरवर, ही हद्द आधी ठरवा

सर्वांत जास्त वेळ इथे वाचतो आणि हाच टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. चूक जिथे दिसते तिथेच ती झाली असेल असे मन धरून चालते. अहवालात फरक दिसला म्हणून आमचा सहकारी अहवालात शोधत राहिला. नेटवर्क पॅनेलमधील एका विनंतीने हा प्रश्न मिनिटभरात सुटला असता.

पॅनेल उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅश’ हे दोन्ही पर्याय सुरू करावेत. पहिल्यामुळे पान बदलले तरी जुन्या विनंत्या यादीत राहतात, आणि दुसऱ्यामुळे डेव्हटूल्स उघडे असेपर्यंत जुन्या फाइली कॅशमधून येत नाहीत. ॲप्लिकेशनमध्ये सर्व्हिस वर्कर (पानामागे राहून विनंत्या हाताळणारी स्क्रिप्ट) असेल तर ॲप्लिकेशन पॅनेलमधून ‘बायपास फॉर नेटवर्क’ही सुरू करावे, नाहीतर नवा कोड चढवूनही जुनाच चालत राहिल्याचा अनुभव येतो आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती निरुपयोगी वाटते.

यानंतर बग घडवून संबंधित विनंती निवडावी. पेलोड म्हणजे ब्राउझरने काय पाठवले, आणि रिस्पॉन्स म्हणजे सर्व्हरने काय परत दिले. पेलोडमध्येच चुकीची माहिती असेल तर दोष ब्राउझरमधील कोडचा आहे आणि सर्व्हरकडे पाहण्याचे कारण नाही. पेलोड बरोबर आणि रिस्पॉन्स चुकीचा असेल तर दोष सर्व्हरवर आहे. दोन्ही बरोबर असून पडद्यावर चुकीचे दिसत असेल तर दोष दाखवणाऱ्या कोडमध्ये आहे. आमच्या विनंतीच्या पेलोडमध्येच आदल्या दिवसाची तारीख होती. म्हणजे डेटाबेस, क्वेरी आणि अहवाल तिघेही निर्दोष होते.

एका फसव्या संदेशाबद्दल इथेच सांगणे आवश्यक आहे. कन्सोलमध्ये (डेव्हटूल्समधील संदेशांच्या पॅनेलमध्ये) सीओआरएसची, म्हणजे एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्याकडून माहिती घेण्याच्या परवानगीची, चूक लाल अक्षरांत दिसली की अनेक जण सर्व्हरवर सर्व ओरिजिन्सना (संकेतस्थळांना) परवानगी देऊन मोकळे होतात. पण सर्व्हरचा कोड मध्येच कोसळला आणि त्या ५०० या चूक-क्रमांकाच्या उत्तरावर सीओआरएसचे हेडर लागले नाहीत, तरीही ब्राउझर सीओआरएसचीच तक्रार करतो. म्हणून आधी सर्व्हरचा लॉग वाचावा. परवानग्या मोकळ्या केल्याने मूळ बग तसाच राहतो आणि एक सुरक्षेचे भगदाड वाढते.

नेटवर्क पॅनेलमध्येच वेग कमी करण्याची सोय आहे आणि ती प्रत्येक फॉर्मवर एकदा तरी वापरावी. कार्यालयातील वायफायवर बटण दाबताच उत्तर येते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरातील गर्दीत उभे राहून फोनवर ऑर्डर भरणाऱ्याला तसा वेग मिळेल असे गृहीत धरता येत नाही. काही होत नाही असे वाटून तो ‘नोंदवा’ दुसऱ्यांदा दाबतो आणि एकाच मालाच्या दोन ऑर्डरी जातात. वेग ३जीवर आणून बटण लागोपाठ दोनदा दाबावे. यादीत दोन विनंत्या दिसल्या तर पहिल्या स्पर्शानंतर बटण निष्क्रिय करावे. तेवढ्यावर न थांबता प्रत्येक ऑर्डरीसोबत ब्राउझरने एक अनन्य क्रमांक पाठवावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने नवी ऑर्डर तयार करू नये. नुसते बटण निष्क्रिय करणे अपुरे आहे, कारण उत्तर वाटेत हरवले की माणूस पान पुन्हा उघडून तीच ऑर्डर भरतो. म्हणून तो क्रमांक ऑर्डरीच्या मसुद्यासोबत ब्राउझरमध्ये जपून ठेवावा आणि सर्व्हरची पोच मिळाल्यावरच पुसावा.

सावधान: ‘कॉपी ॲज कर्ल’ने आज्ञेच्या रूपात घेतलेल्या विनंतीत कुकी आणि लॉगिनचे टोकन असू शकते. ती मदतीसाठी कोणत्याही गटात चिकटवण्यापूर्वी हे दोन्ही काढून टाकावेत.

टप्पा ३: कोड थांबवून पाहा

विनंती सापडल्यावर तिच्या ‘इनिशिएटर’ रकान्यावरून ती ज्या ओळीतून निघाली तिथे थेट जाता येते. शेकडो फाइलींत शोधत बसण्याऐवजी या वाटेने जावे. पेलोड जिथे तयार होतो त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावून बग पुन्हा घडवावा. कोड थांबला की ‘स्कोप’मध्ये त्या क्षणीच्या सर्व व्हेरिएबलच्या व्हॅल्यू दिसतात, आणि ‘कॉल स्टॅक’मध्ये इथपर्यंत कोणत्या फंक्शनमधून येणे झाले ते दिसते. स्टॅकमध्ये लायब्ररीच्याच ओळी भरल्या असतील तर त्या फाइली ‘इग्नोर लिस्ट’मध्ये टाकाव्यात, म्हणजे आपल्याच कोडच्या ओळी समोर राहतील.

आमच्याकडे कोड थांबला तेव्हा तारखेचा ऑब्जेक्ट अगदी बरोबर होता: १ तारीख, रात्रीचे १२:४०, आणि पुढे यूटीसीपेक्षा साडेपाच तास पुढे असल्याची खूण. एक पाऊल पुढे टाकल्यावर त्याच ऑब्जेक्टवर टू-आयएसओ-स्ट्रिंग चालले आणि उत्तरातील पहिली १० अक्षरे कापून घेतली गेली. त्या १० अक्षरांत आदल्या महिन्याची शेवटची तारीख होती, कारण टू-आयएसओ-स्ट्रिंग नेहमी यूटीसीतील वेळ देते आणि यूटीसीत तेव्हा संध्याकाळचे ७:१० झाले होते. दिवसा हाच कोड बरोबर उत्तर देत होता, म्हणून तो इतके दिवस टिकला.

हे कन्सोल-लॉगने (व्हॅल्यू कन्सोलमध्ये छापून) सापडले नसते का, असा प्रश्न येतो. सापडले असते, पण कन्सोल-लॉगच्या एका सवयीने अनुभवी माणूसही फसतो. ऑब्जेक्ट लॉग केला आणि नंतर कन्सोलमध्ये उलगडला तर आतल्या व्हॅल्यू लॉग करतानाच्या दिसत नाहीत, उलगडतानाच्या दिसतात. दरम्यान कोडने ऑब्जेक्ट बदलला असेल तर आपण भलतीच गोष्ट पुरावा म्हणून धरतो. लॉगच करायचे असेल तर ऑब्जेक्टची स्ट्रक्चर्ड-क्लोनने प्रत काढून ती लॉग करावी, किंवा हवी ती एकच व्हॅल्यू लॉग करावी.

हजार ओळींच्या यादीत एकाच पार्टीच्या ऑर्डरीवर बग येत असेल तर साधा ब्रेकपॉइंट हजार वेळा थांबेल. तिथे ब्रेकपॉइंटला अट जोडावी, उदाहरणार्थ ऑर्डरीचा क्रमांक अमुक असेल तरच थांब. दोन विनंत्यांच्या शर्यतीतून होणारे बग मात्र थांबवून पाहिले की नाहीसे होतात, कारण आपण थांबलेलो असताना मागे पडलेली विनंती पूर्ण होऊन जाते. अशा वेळी लॉगपॉइंट वापरावा. तो कोड न थांबवता आणि फाइलमध्ये एकही ओळ न घालता कन्सोलमध्ये नोंद करतो, त्यामुळे विसरलेला लॉग ग्राहकापर्यंत जाण्याचा धोकाही राहत नाही.

दोष सर्व्हरवर असेल तर नोडचा प्रोग्राम ‘इन्स्पेक्ट’ पर्यायाने सुरू करावा आणि व्हीएस कोडमधून किंवा क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून त्याला जोडून घ्यावे. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीलाच होणारा दोष पाहायचा असेल तर ‘इन्स्पेक्ट-ब्रेक’ वापरावे, म्हणजे पहिल्या ओळीवरच तो थांबतो.

सावधान: हे डीबगर ठरावीकपणे १२७.०.०.१ वर ९२२९ या पोर्टवर ऐकते, म्हणजे ते त्या यंत्रापुरतेच मर्यादित असते. दूरच्या सर्व्हरला जोडता येत नाही म्हणून ते सर्व पत्त्यांवर उघडू नये. त्या पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही आपल्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. त्याऐवजी एसएसएचचा बोगदा, म्हणजे सर्व्हरपर्यंतची सुरक्षित जोडणी, वापरावी.

टप्पा ४: पूर्वी चालत होते असे खात्रीने माहीत असेल तर

अशा वेळी गिट बायसेक्ट वापरावे. एक चांगले आणि एक बिघडलेले कमिट सांगितले की ते मधले कमिट काढून देते, आपण चालवून पाहतो आणि उत्तर देतो. हजार कमिट असली तरी सुमारे १० तपासण्यांत दोषी कमिट सापडते. अट एवढीच की प्रत्येक कमिट चालण्याजोगे असावे. आठवड्याचे काम एकाच कमिटमध्ये कोंबण्याची सवय असलेल्यांना बायसेक्ट फार तर आठवडा दाखवते, ओळ नव्हे.

टप्पा ५: आधी नापास होणारी टेस्ट, मग दुरुस्ती

कारण कळताच हात दुरुस्तीकडे धावतो. तो आवरून आधी बग पकडणारी टेस्ट लिहावी आणि ती नापास होताना डोळ्यांनी पाहावी. नापास न झालेली टेस्ट काय तपासते हे कोणालाच सांगता येत नाही.

तारखेच्या बगबाबत इथे एक सापळा आहे. व्हायटेस्ट किंवा जेस्ट या टेस्टच्या साधनांत खोटे घड्याळ लावून वेळ रात्री १२:४० करता येते, आणि आपल्या संगणकावर टेस्ट अपेक्षेप्रमाणे नापास होते. तीच टेस्ट सीआयच्या (प्रत्येक बदलावर आपोआप तपासणी चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) यंत्रावर पास होते, कारण ती यंत्रे बहुधा यूटीसीवर चालतात. तिथे स्थानिक तारीख आणि यूटीसीची तारीख एकच असल्यामुळे बगला दिसायला जागाच नसते. म्हणून टेस्ट सुरू करणाऱ्या आज्ञेतच टीझेड हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल एशिया-कोलकाता असे ठरवून द्यावे. गटात कोणी विंडोजवर काम करत असेल तर त्यासाठी क्रॉस-एनव्ह पॅकेज वापरावे. मग तीच टेस्ट टीझेड यूटीसी ठेवूनही चालवावी. दोन्हीकडे पास होणारी दुरुस्ती खरी.

दुरुस्तीची पहिली कल्पना वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेतून वेगवेगळे काढून जोडण्याची असते. ती चालते, पण गेट-मंथ महिने शून्यापासून मोजते हे विसरले की नवा बग तयार होतो. शिवाय सोलापूरचे टॉवेल निर्यात होतात, आणि परदेशातून ऑर्डर भरणाऱ्याच्या ब्राउझरची स्थानिक तारीख दुकानाच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. त्यामुळे जावास्क्रिप्टमधील इंटलच्या डेट-टाइम-फॉरमॅटला एशिया-कोलकाता हा टाइमझोन स्पष्ट देऊन, फॉरमॅट-टू-पार्ट्सने तारखेचे भाग घ्यावेत. माझे मत याहून एक पाऊल पुढे आहे: ऑर्डर कोणत्या तारखेची हे ब्राउझरने ठरवूच नये. फोनचे घड्याळ चुकीचे असू शकते. ही तारीख सर्व्हरने वरील पद्धतीने ठरवावी आणि ब्राउझरने ती फक्त दाखवावी.

जुन्या चुकीच्या तारखा दुरुस्त करताना डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि नोंद तयार झाल्याचा मूळ क्षण जिथे साठवलेला आहे त्याच ऑर्डरी बदलाव्यात. अंदाजाने एक दिवस वाढवू नये.

पडताळणी: दुरुस्ती तात्पुरती मागे घेऊन टेस्ट पुन्हा चालवावी. ती नापास झाली आणि दुरुस्ती परत आणल्यावर पास झाली, तरच हा टप्पा पूर्ण झाला.

टप्पा ६: कोडच्या दर्जाची साधने, एका वेळी एक

इथे होणारी चूक ठरलेली आहे. जुन्या प्रकल्पात ईएसलिंट, प्रेटियर, टाइपस्क्रिप्टचा (व्हॅल्यूंचे प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टच्या विस्ताराचा) स्ट्रिक्ट मोड आणि सोनारक्यूब (कोडच्या दर्जाचा अहवाल देणारे साधन) एकाच संध्याकाळी बसवले जाते, हजारो इशारे येतात, आणि सकाळी सर्व नियम बंद होतात. त्याऐवजी पुढील क्रम ठेवावा.

आरंभ प्रेटियरने करावा. ते कोडची फक्त मांडणी बदलते, अर्थ बदलत नाही. संपूर्ण प्रकल्पाची मांडणी एकाच कमिटमध्ये करावी आणि त्यात दुसरा एकही बदल मिसळू नये. त्या कमिटचा क्रमांक गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज या फाइलमध्ये टाकून गिटला ती फाइल सांगून ठेवावी, म्हणजे ब्लेम (कोणती ओळ कोणी बदलली याची यादी) पाहताना प्रत्येक ओळीपुढे मांडणी करणाऱ्याचेच नाव येणार नाही.

नंतर ईएसलिंट. त्याच्या आवृत्ती ९ पासून ईएसलिंट-कॉन्फिग या नावाची सपाट रचनेची फाइल हीच ठरावीक पद्धत आहे. जुन्या ईएसलिंट-आरसी फाइलीचे लेख पाहून मांडलेले नियम तिथे आपोआप लागू होत नाहीत, आणि पुष्कळांचा एक दिवस यातच जातो. ‘रेकमेंडेड’ संच घ्यावा आणि मांडणीविषयक नियम ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटियरने बंद करावेत, नाहीतर दोन साधने एकाच ओळीवर भांडत राहतात.

जुन्या चुकांचा डोंगर एकदम उपसू नये. ईएसलिंटच्या ९.२४ पासून आजवरच्या चुका एका फाइलमध्ये नोंदवून दडपता येतात आणि नियम फक्त नव्या चुकांसाठी कडक ठेवता येतो. जी फाइल दुसऱ्या कामासाठी उघडली जाईल तिच्यातील जुन्या चुका त्याच वेळी काढाव्यात.

नियम निवडताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे की या नियमाने आपला कोणता खरा बग पकडला असता. टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमधील नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांबण्याची सूचना) विसरल्यामुळे ‘जतन झाले’ असा संदेश प्रत्यक्ष जतन होण्याआधीच दिसतो, आणि मागे विनंती अपयशी झाली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही. हा दोष वाचून सापडणे कठीण असते, नियमाला तो लगेच दिसतो. या नियमाला टाइपची माहिती लागते, म्हणून तो थोडा सावकाश चालतो. तिहेरी बरोबरचिन्हाची सक्ती करणारा नियम आणि रिॲक्ट वापरत असल्यास हुक्सच्या अवलंबनांचा नियम हेही ठेवावेत. ओळीच्या लांबीवरून वाद घालणारे नियम सोडून द्यावेत.

आमच्या बगचाही एक नियम झाला. नो-रिस्ट्रिक्टेड-प्रॉपर्टीज या नियमात टू-आयएसओ-स्ट्रिंग हे नाव टाकले आणि संदेश मराठीतच लिहिला: ‘व्यवहाराच्या तारखेसाठी वापरू नका, तारखेचे आपले फंक्शन वापरा.’ ज्या मोजक्या ठिकाणी खरोखरच यूटीसीचा क्षण हवा आहे, तिथे कारण लिहून तो नियम त्या ओळीपुरता बंद केला. एकदा सापडलेला बग नियमात बदलला की नव्याने रुजू झालेल्या मुलालाही तो टाइप करतानाच अडवतो.

टाइपस्क्रिप्टचा स्ट्रिक्ट मोड यानंतर आणावा. कोड जावास्क्रिप्टमध्येच असेल तर चेक-जेएस सुरू करून एकेक फाइल तपासणीखाली घ्यावी.

सावधान: ‘एनी’ (काहीही चालेल असा) टाइप घालून चूक गप्प करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. टाइप माहीत नसेल तर ‘अननोन’ वापरावा. तो वापरण्यापूर्वी तपासणी करायला भाग पाडतो.

टप्पा ७: तपासणीची तीन दारे

एडिटरमध्ये टाइप करताना, कमिट करताना आणि सीआयमध्ये, अशा तीन ठिकाणी तपासणी ठेवावी. कमिटच्या वेळी हस्की आणि लिंट-स्टेज्ड या साधनांनी फक्त बदललेल्या फाइलीच तपासाव्यात. इथे सर्व टेस्ट चालवल्या आणि प्रत्येक कमिटला दोन मिनिटे लागू लागली की लोक ‘नो-व्हेरिफाय’ लावून दार चुकवतात. दार चुकवता येते म्हणूनच अंतिम निर्णय सीआयचा असावा. तिथे ईएसलिंटचे मॅक्स-वॉर्निंग्ज शून्यावर ठेवावे, टाइपची तपासणी आणि सर्व टेस्ट चालवाव्यात, आणि त्या पास झाल्याशिवाय मुख्य शाखेत मर्ज होऊ देऊ नये.

सोनारक्यूब वापरत असल्यास त्याच्या ठरावीक क्वालिटी गेटमध्ये नव्या कोडसाठी ८० टक्के टेस्ट-कव्हरेजची (टेस्टमध्ये चाललेल्या कोडच्या प्रमाणाची) अट असते. ती गाठण्यासाठी काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहू नयेत. दोन-चार जणांच्या गटाने हे साधन वरील सर्व रुळल्यावरच घ्यावे.

पडताळणी: एका शाखेत मुद्दाम अवेट गाळून मर्जची विनंती टाकावी. ती अडली नाही तर सीआय केवळ शोभेचे आहे.

टप्पा ८: ग्राहकाच्या हाती गेल्यावर

प्रत्यक्ष वापरातील चुका कळण्यासाठी सेंट्रीसारखे साधन लावावे. बिल्ड करताना सोर्स मॅप त्या साधनाकडे पाठवावेत, पण संकेतस्थळावर सर्वांना उपलब्ध ठेवू नयेत, कारण त्यातून मूळ कोड वाचता येतो. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देऊन तोच ब्राउझरच्या आणि सर्व्हरच्या नोंदींत उमटवावा, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातील हद्द ग्राहकाच्या चुकीबाबतही ठरवता येते. नोंदींच्या वेळा यूटीसीतच ठेवाव्यात आणि वाचताना भारतीय वेळेत बदलाव्यात. पार्टीचे फोन नंबर, पासवर्ड आणि टोकन नोंदींत जाण्यापूर्वी झाकले जातील असे करावे. वैयक्तिक माहितीबाबत भारतात २०२३ चा कायदा झालेला आहे, आणि कायदा नसता तरी ही काळजी आपल्याकडेच होती.

तक्रार बंद करताना टेस्ट पास झाली एवढा आधार घेऊ नये. पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या पायऱ्या काढून त्या प्रत्यक्ष वापरातील ॲप्लिकेशनवर पार पाडाव्यात. आम्ही त्या दिवाणजींना सांगून ठेवले होते. दुरुस्तीनंतर आलेल्या पहिल्या एक तारखेला रात्री साडेबाराच्या सुमारास त्यांनी गाडी रवाना करून खरी ऑर्डर भरली आणि पडद्याचा फोटो पाठवला. आम्ही डेटाबेसमधील त्या नोंदीची तारीख पाहिली, अहवालात ती नव्या महिन्यात आली आहे हे पाहिले, आणि मग तक्रारीपुढे ‘बंद’ असे लिहिले.